बरं, येते

१

कल्पनानं विणलेल्या स्वेटरला एकच बाही असते, असा त्यांच्या घरातला जुना विनोद होता. विनोद शरदचंद्रांचा, आणि तो खोटाही नव्हता. अपूर्वा तीन वर्षांची असताना कल्पनानं तिच्यासाठी पिवळा स्वेटर विणायला घेतला होता. एक बाही झाली, तोवर थंडी सरली, आणि स्वेटर तसाच ट्रंकेत गेला. पुढं शिवणाचा क्लास अर्धा राहिला, रांगोळीचा अर्धा राहिला, आणि पेटी शिकायला घेतली ती 'म'च्या पुढं कधी सरकली नाही.

म्हणून अपूर्वानं आईला ब्लॉग काढून दिला, तेव्हा शरदचंद्र पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "एकच बाही. किती दिवस?"

"वर्षभर," कल्पना म्हणाली.

"लिहून देतेस?"

तिनं खरंच लिहून दिलं. अपूर्वानं तिला नीट समजावलं होतं. "आई, रोज लिहीन म्हणू नकोस, दमशील. दोनच वार धर, पण ते चुकवायचे नाहीत. वेळही एकच ठेव. आणि दोन लेख कायम शिल्लक ठेव, अडीअडचणीला. एकदा का तू वेळ पाळलीस ना, की ऐकणाऱ्याला सवय लागते."

"वाचणाऱ्याला," कल्पनानं दुरुस्त केलं.

"तेच ते."

सोमवार आणि गुरुवार, सकाळी अकरा. आदल्या दिवशी विषय ठरवायचा, साडेदहाला बसायचं, अकराला लेख लावायचा. वर्षाचे एकशे चार. हे सगळं तिनं चांगल्या अक्षरात कागदावर लिहिलं आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर डकवलं. ब्लॉगचं नाव ठेवलं 'चहा झाला का?'

बार्शीहून पुण्याजवळच्या भूगावला येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. शरदचंद्र उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत, अपूर्वा हिंजवडीला नोकरीला जाई. साडेनऊनंतर घर मोकळं. आतली खोली पहिल्या मजल्याच्या टोकाला होती. कपाट, इस्त्रीचं टेबल, एक प्लास्टिकची खुर्ची, आणि मागच्या भिंतीलगत नुसती मोकळी फरशी. त्या भिंतीपलीकडं शेजार नव्हता. बाहेर उघडी हवा, आणि खाली दूध घालणाऱ्या रत्नाबाईंचा मेथीचा वाफा.

फोनवर टाइप करायला कल्पनाला फार वेळ लागे. मग अपूर्वानं तिला माइकचं चित्र दाखवलं. ते दाबून बोलायचं, की फोन आपोआप लिहीत जातो. पूर्णविराम तेवढे मागून द्यायचे. हे तिला फार आवडलं. ती खुर्चीवर बसे, फोन टेबलावर उभा करून ठेवी आणि बोलू लागे. कधी सांडगे, कधी शेंगांची चटणी, कधी इथल्या पिठाची भाकरी का मोडते ते. सांगून झालं की तिला नुसतं थांबवेना. कुणाच्या घरून उठताना म्हणावं तसं ती म्हणे, "बरं, येते."

'जाते' असं बाईमाणसानं म्हणू नये, हे तिच्या आईनं तिला परकर-पोलक्यात असताना शिकवलं होतं. निघताना 'येते' म्हणायचं. जायचं ते न बोलता.

२

दहाव्या लेखाच्या शेवटी एक शब्द जास्तीचा आला.

विषय होता ताक. सांगून झालं, माइक बंद केला, आणि पूर्णविराम द्यायला ती वरून खाली वाचत आली. शेवटची ओळ होती: 'बरं येते या'.

आपणच काहीतरी पुटपुटलो असू, असं तिला वाटलं. तिनं 'या' पुसलं आणि लेख लावला. अकराला एक मिनिट कमी होतं.

गुरुवारी पुन्हा तेच. 'बरं येते या'.

"माइक आजूबाजूचं ऐकतो, आई," अपूर्वा रात्री जेवताना म्हणाली. "टीव्ही चालू असेल."

"टीव्ही कुठला गं? मी एकटी असते."

"मग खालून कुणी हाक मारली असेल. रत्नामावशी म्हशीला म्हणत असतील, ये."

"म्हशीला 'या' म्हणतात?"

"भूगावात जमिनीला भाव आलाय, आई. म्हशींनापण अहोजाहो असेल." दोघी खूप हसल्या.

पण सोमवारी कल्पनानं खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला. आधी माइक चालू करून ती गप्प बसली. फोननं काहीच लिहिलं नाही. मग ती नुसतं "येते" म्हणाली. खोलीत तिच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज झाला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण ती कान देऊनच बसली होती.

फोननं लिहिलं: 'येते'. जरा थांबून, 'या'.

३

रविवारी तिनं शरदचंद्रांना खुर्चीत बसवलं.

"काय बोलू?"

"काहीही बोला. शेवटी येतो म्हणा."

"शाळेत प्रतिज्ञा पाठ केली होती, आता आठवत नाही. बायको ब्लॉग लिहिते आणि मी उपाशी आहे. येतो." त्यांनी फोन तिच्यापुढं धरला. शेवटचा शब्द होता 'येतो'. पुढं काही नाही.

"झालं समाधान? फोनला तुझी सवय झालीय. तू 'येते'नंतर श्वास सोडतेस, त्याला तो 'या' समजतो. आमच्या स्टोअरमधला स्कॅनरपण असाच आहे. एकाच पोऱ्याच्या हातात नीट चालतो."

हे तिला पटलं. पटण्यासारखंच होतं. स्कॅनरची गोष्ट त्यांनी पुढं बराच वेळ सांगितली आणि तिनं ती सगळी ऐकली. मग ती उसळीचं काहीतरी सांगू लागली, तर ते म्हणाले, "थोडक्यात सांग गं."

४

श्रावणापर्यंत मधल्या थांब्यातही शब्द येऊ लागले.

बोलता बोलता ती आठवायला थांबे. आईच्या हातचा मसाला सांगताना आधी धणे की आधी खोबरं, असं काही. मान खाली घालून पाही तर तेवढ्या जागेत फोननं लिहिलेलं असे: 'हं'. कधी 'हं मग'.

श्वासाचा 'या' होईल एक वेळ. श्वासाचा 'मग' कसा होईल? पण तिनं स्वतःला बजावलं की नव्या यंत्राला घाबरणं आपल्या वयाला शोभत नाही. मिक्सर आला तेव्हा सासूबाईही त्याच्यापासून लांब उभ्या राहत. ती मागून सगळे 'हं' आणि सगळे 'मग' एकेक करून पुसे आणि अकराला लेख लावी. एकही वार चुकला नव्हता.

आणि एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. 'मग' आला की तिला पुढचं सुचे. पूर्वी ती पाककृती सांगून मोकळी व्हायची. आता आईनं मसाला कुटताना कुणाला कसं झापलं, कोणत्या चुलत्यानं ताटावरून उठून काय केलं, तेही यायला लागलं. लेख लांबले. वाचणारे सतरा होते, त्यांचे चाळीस झाले. तिच्या आयुष्यात आजवर कुणी तिला "मग?" असं विचारलं नव्हतं.

तिला एवढंच खटकायचं की बोलताना तिची नजर आता खिडकीकडं जात नसे. पाठीमागं, भिंतीच्या बाजूला, खाली जाई. कुणी जमिनीवर बसलेल्याशी बोलताना जाते तशी.

५

भाद्रपदात तिला ताप आला. गुरुवारी उठवेना. पण दोन लेख शिल्लक होते. अपूर्वानं रात्रीच त्यातला एक अकराची वेळ देऊन ठेवला आणि तो आपला आपण लागला. कोंबडीनं पिल्लू अंगाखाली घ्यावं तसा तिनं फोन उशाखाली घेतला आणि समाधानानं झोपली. खाडा झाला नव्हता.

सोमवारी साडेदहाला ती खुर्चीत बसली. माइकचं चित्र दाबलं. तोंड उघडण्याआधी तिनं पदर सारखा केला, घसा मोकळा केला, आणि पाहिलं तर पडद्यावर ओळ होती:

'गुरवारी आला न्हाई'

तिनं ती दोनदा वाचली. लेख तर गुरुवारी लागला होता. आली नव्हती ती. या खुर्चीत.

मग तिच्या मनानं दुसरी गोष्ट पकडली. मागं एकदा दूध घालायला आलेल्या रत्नाबाईंना गंमत म्हणून तिनं या फोनपुढं बोलायला लावलं होतं. त्या "न्हाई, न्हाई" म्हणत हसल्या होत्या आणि फोननं दोन्हीदा नीट 'नाही' लिहिलं होतं. फोनला गावाकडचं कळत नाही. तो सगळ्यांचं शुद्ध करून टाकतो.

हे त्यानं शुद्ध केलं नव्हतं.

"ताप होता," कल्पना म्हणून गेली. म्हणून गेल्यावर तिनं स्वतःलाच विचारलं. आपण कुणाला खुलासा देतोय?

'ताप होता', फोननं लिहिलं. आणि पुढं: 'आता बरं हाय का'

६

गुरुवारी ती स्वयंपाकघरात बसली. खुर्ची ओट्याला लावली, फ्रिजवर फोन ठेवला आणि सुरळीच्या वड्या सांगितल्या. मध्ये मुद्दाम थांबून पाहिलं. फोननं फक्त तिचेच शब्द लिहिले. एवढं हायसं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. म्हणजे खोलीच खराब. खोली सोडली की झालं.

वड्या संपल्या. "बरं, येते," ती म्हणाली.

आतल्या खोलीतून आवाज आला. हा तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला. मोठा नव्हता. लहान मुलाला शेजारी बसायला बोलवताना आपण जमिनीवर हात थोपटतो, तसा. तळहाताचा, फरशीवर. दोनदा. मग जरा थांबून आणखी दोनदा.

कल्पना उठली नाही. लेखाला पूर्णविराम द्यायचे राहिले होते, ते तिनं दिले. एक ओळ दोनदा दुरुस्त करावी लागली. अकरा वाजता लेख लावला. मग गॅस बंद आहे का ते बघून, चपला घालून ती जिना उतरून खाली गेली आणि संध्याकाळी अपूर्वा येईपर्यंत रत्नाबाईंच्या मेथीपाशी बसून राहिली.

७

ही इमारत उभी होती ती जमीन रत्नाबाईंच्याच घरची. जमीन गेली, तरी मागचा तुकडा, दोन म्हशी आणि जीभ त्यांनी राखली होती. शनिवारी सकाळी त्या दूध घालायला वर आल्या. कल्पनानं त्यांना स्वयंपाकघरात बसवून चहा दिला.

"त्वांड का उतारलंय? तापाचं व्हय?"

"नाही हो मावशी. ते माझं लिहिण्याचं चाललंय ना..."

"त्ये मोबाइलात बोलायचं? लई बोलता बया तुमी. खाली मेथी निंदतीया तवा ऐकतीया ना मी. परवा तुमच्या चुलत्याचं सांगत हुता. ताटावरून उठल्याचं. हसून हसून खुरपं पडलं माज्या हातातनं."

"ऐकू येतं तुम्हाला?"

"खिडकी उघडी असती की. पर एक इचारू? दर टायमाला शेवटी येते म्हनता. ते कुनाला?"

"वाचणाऱ्यांना. आपली रीत म्हणून."

"ते कुटं हायेत हितं?" रत्नाबाईंनी बशी खाली ठेवली. "खोलीत बसायचं, गप्पा मारायच्या, येते म्हनून उटायचं. मग यावं लागतं बाई. शब्द दिला म्हनल्यावर दुसरं मानूस वाट बघनारच."

"कोण माणूस, मावशी?"

"मला काय म्हाइत?"

"तुमची जमीन होती म्हणून विचारते. इथं आधी काय होतं?"

"भुईमूग," रत्नाबाई म्हणाल्या. आणि ते इतक्या सरळ म्हणाल्या की त्यात लपवण्यासारखं काही नसावं.

त्या उठल्या. दाराकडं जाताना वाटेत आतल्या खोलीचं दार लागतं, ते उघडं होतं. तिथून जाताना रत्नाबाईंनी खांद्यावरचा पदर डोक्यावर घेतला. वडीलधारं कुणी बसलेलं असलं की घेतात तसा. चालता चालता, जराही न थांबता. बाहेर चपला घालताना त्या हळूच म्हणाल्या, "शेवट करायचा तर जाते म्हना न् उटा. काय हुतंय एकदा म्हनलं तर?"

"असं म्हणू नये हो, मावशी."

"तर मग बसा बोलत."

८

बंद करायचं, हा विचार कल्पनाच्या मनात एकदा येऊन गेला. तिनं तो तिथंच मोडला. सत्तावीस लेख झाले होते. आता थांबली असती तर घरात कुणी काही बोललं नसतं. शरदचंद्र फक्त हसले असते, आणि ते हसणं तिला उरलेला जन्मभर पुरलं असतं. लिहायचं, त्याच वारी, त्याच वेळेला. पण ती खोली सोडून. आणि सोडायची तर नीट निरोप घेऊन, चोरासारखी नाही.

पुढचे तीन लेख तिनं त्याच खोलीत बसून सांगितले, कारण आधी मन तयार व्हायला हवं होतं. एकतिसाव्याला ते झालं.

गुरुवारी तिनं आंघोळ करून चांगली साडी नेसली. कपाटावरचा कागद काढला, घडी घातली, कमरेला खोचला. साडेदहाला बसली. विषय होता हुरडा. बाहेर ऊन स्वच्छ होतं, खाली पाइपातून वाफ्यात पाणी पडत होतं. ती बोलत गेली. थांबली तिथं 'हं' आला. पुन्हा थांबली, तिथं 'मग' आला. तिनं खरोखर मनापासून सांगितलं. हुरड्याच्या दिवसांत तिच्या आईनं मळ्यात गायलेल्या ओव्यांपर्यंत सांगितलं.

दहा वाजून त्रेपन्न मिनिटं झाली.

"तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत," कल्पना म्हणाली. मागं वळायचं नाही, हे तिनं सकाळीच ठरवलं होतं. "माझं एवढं कुणी ऐकलं नव्हतं. पण आता मी या खोलीत बसणार नाही. राग मानू नका."

फोननं तिचे शब्द लिहिले. पुढं काही नाही. 'हं'सुद्धा नाही.

उभ्या जन्मात न उच्चारलेला शब्द होता.

"बरं, जाते."

'बरं जाते', फोननं लिहिलं.

ती थांबली. मनात दहापर्यंत मोजले. मग वीसपर्यंत. खाली पाण्याचा आवाज चालू होता. छातीवरचा दगड हळूहळू हलका झाला, आणि इतकी साधी गोष्ट आपण दोन महिने का टाळली, असं तिला वाटलं. हात न लावल्यामुळं फोनचा पडदा विझला आणि काळी काच तेवढी राहिली.

त्या काचेत तिचा खांदा दिसत होता. खांद्यामागं भिंत. भिंतीच्या तळाशी, फरशीवर, पालथा टेकलेला एक हात. सावळा, शिरा आलेला. बराच वेळ मांडी घालून बसलेल्या बाईनं उठताना जमिनीवर रेटा द्यावा, तसा तो दाबला जात होता. मग हातामागं एक गुडघा वर आला.

कल्पनानं पडद्याला बोट लावलं. उजेड झाला. 'बरं जाते'च्या पुढं एक शब्द होता.

'चला'

तिला ओरडता आलं असतं. तिनं घड्याळ पाहिलं. दहा अठ्ठावन्न. आधी लेख, मग भ्यायचं, असं तिनं स्वतःला दटावलं, आणि तो शब्द पुसला, वरचे सगळे 'हं' पुसले, निरोपाच्या ओळी पुसल्या, पूर्णविराम दिले. अकराला लेख लागला. मग ती उठली आणि सरळ समोर बघत खोलीबाहेर पडली. दार तिनं ओढलं नाही. मागून येणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

९

सोमवारी स्वयंपाकघरात ऊन ओट्यापर्यंत आलं होतं. कागद आता फ्रिजवर डकवला होता. साडेदहाला कल्पना खुर्चीत बसली. माइकचं चित्र तिनं अपूर्वाकडून काढूनच घेतलं होतं. एका बोटानं, अक्षर शोधत, ती स्वतः टाइप करणार होती. वेळ लागला तर लागू दे. पुढच्या वेळेला दहालाच बसायचं.

विषय होता कढी. पहिल्या तीन ओळी झाल्या. चौथीला ती अडली. बेसन आधी की दही आधी फेटायचं, हे आठवायला तिनं बोट उचललं.

फ्रिजची घरघर थांबली. घरात काहीच वाजत नव्हतं. कुणी काही बोललं नाही, फोनवर काही उमटलं नाही. पण आपण पुढचं वाक्य सांगावं म्हणून कुणी वाट बघत असलं, की ते आपल्याला न बघता कळतं. तसं तिला कळलं. ओट्याजवळ, खाली, तिच्या पायांशी.

अजून त्र्याहत्तर राहिले होते. अकराला बावीस मिनिटं होती.

तिनं खाली पाहिलं नाही. ऐसपैस पसरलेले पाय तिनं खुर्चीखाली ओढून घेतले, बसणाऱ्याला जागा व्हावी एवढे, आणि पुढचं अक्षर शोधू लागली.